सबुरीचा सूर

आमच्या गावात गाणे ऐकणाऱ्यांची एक छोटी मंडळी आहे. त्यात एक सराफ आहेत, एक निवृत्त पोस्टमास्तर, एक दातांच्या डॉक्टर बाई आणि मी. रोज रात्री आज कोणते रेकॉर्डिंग ऐकले ते एकमेकांना कळवायचे, हा आमचा शिरस्ता. कुणी मल्लिकार्जुन मन्सूरांचा एखादा अनवट राग सांगतो, कुणी किशोरीताईंचा भूप. रमजानचा चाँद दिसला की माझा निरोप थांबतो. सहरी, रोजा, इफ्तार, तरावीह यांत दिवसरात्र भरून जाते आणि या महिन्यात कान कुरआनच्या पठणासाठी राखून ठेवायचे, हे मी घरातच शिकलो. संगीताबद्दल उलेमांमध्ये शतकानुशतके मतभेद आहेत. ते या पानावर मिटणार नाहीत आणि मिटवण्याचा माझा अधिकारही नाही. पण यंदा पोस्टमास्तरांनी गोड तक्रार केली की, गाणे ऐकत नसाल तर निदान ज्यांना सर्वांत जास्त ऐकता त्यांच्याविषयी तरी सांगा. त्यांच्या तक्रारीला उत्तर म्हणून हा लेख. माणूस आहे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ.

चरित्रांमध्ये खाँसाहेबांची जन्मतारीख ११ नोव्हेंबर १८७२ अशी दिलेली असते. ही तारीख हिजरी पंचांगाशी ताडून पाहिली तर ती १२८९ सालच्या रमजानच्या पहिल्या दहा दिवसांत येते. या दहा दिवसांना रहमतचा अशरा म्हणतात, म्हणजे दयेचे दहा दिवस. गाव कैराना, उत्तर प्रदेशात, यमुनेच्या अलीकडे. पलीकडच्या बाजूला पानिपत. मराठी माणसाला पानिपत ठाऊक आहे, कैराना ठाऊक नाही. पण त्याच गावाच्या नावावरून ज्याला किराणा घराणे म्हणतात, ते घराणे खरे बहरले ते महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात. ते इकडे आणण्यात सर्वांत मोठा वाटा या एका माणसाचा.

वडील काले खाँ, चुलते अब्दुल्ला खाँ. घरात गाणे होते, तशी सारंगीही होती. अब्दुल करीमही आधी सारंगी शिकले. त्या काळात सारंगीवाला मैफलीत मागे बसे. मान गाणाऱ्याचा, सारंगी सोबतीची. पण सारंगीला पडदे नसतात. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधली सगळी वाट बोटाखालून जाते. खाँसाहेबांच्या गळ्यातली मींड ऐकताना ही सारंगी आठवते. सूर तुटत नाही, पायरी दिसत नाही. बीनही त्यांनी हाताळली होती. गायक म्हणून नाव झाल्यावरही वाद्यांचा लळा सुटला नाही. तंबोरा किंवा बीन बिघडली तर ते स्वतः दुरुस्त करत.

तरुणपणी भाऊ अब्दुल हक यांच्यासह ते गात गात बडोद्याला पोहोचले. सयाजीराव गायकवाडांचा दरबार तेव्हा गुणीजनांचा आश्रयदाता होता. दोघा भावांना तिथे जागा मिळाली. त्याच बडोद्यात सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई होत्या. मान्यांचे घर राजघराण्याच्या नात्यातले. ताराबाई खाँसाहेबांकडे गाणे शिकू लागल्या आणि दोघांचा जीव एकमेकांत गुंतला. मराठा सरदाराची मुलगी आणि उत्तरेकडून आलेला मुसलमान गवई. एकोणिसावे शतक संपत आले होते. अशा लग्नाला बडोद्यात कुणी अक्षता टाकणार नव्हते. त्यांनी बडोदे सोडले आणि मुंबई गाठली.

ही गोष्ट आपण प्रेमकथा म्हणून सांगतो आणि ती तशी आहेच. पण तिची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. खाँसाहेबांचे एक लग्न आधी झालेले होते, किराण्याच्याच नात्यात. गफूरन बीबी हे त्यांचे नाव. घराण्याचे दुसरे थोर गायक उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांची ती बहीण. ती मागे राहिली. तिच्याविषयी पुस्तकांत दोन ओळींपलीकडे काही सापडत नाही. रमजान हा आपला हिशेब आपण तपासण्याचा महिना आहे, म्हणून ज्यांच्यावर प्रेम आहे त्यांच्या हिशेबातली ही नोंद मी गाळू शकत नाही.

मुंबईनंतर खाँसाहेब मिरजेच्या ओढीत सापडले. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतार आणि तंबोरे बनत आले आहेत. मूळचे शस्त्रे घडवणारे शिकलगार, त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्ये दुरुस्त करता करता नवी घडवायला सुरुवात केली आणि पुढे ते सतारमेकरच झाले. भोपळ्याचा तंबोरा कसा बोलतो, जवारी कशी लावायची, हे जाणणाऱ्या कारागिरांचे गाव आणि सुराच्या मागे लागलेला गवई. दोघांचे जमले नसते तरच नवल.

शिवाय मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा आहे. मिरजकर आजही सांगतात की, प्लेगच्या साथीत खाँसाहेबांना गाठ आली, त्यांनी दर्ग्यात जाऊन गाऊन सेवा केली आणि ते बरे झाले. ही श्रद्धेची गोष्ट आहे, ती त्याच रूपात ऐकावी. पुढची गोष्ट मात्र सर्वांच्या डोळ्यांसमोरची आहे. दर्ग्याच्या उरुसात गाऊन हजेरी लावणे त्यांनी आयुष्यभर पाळले. या उरुसात मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो, हेही इथे सांगायला हवे. म्हणजे मुसलमान पीर, चर्मकारांचा गलेफ आणि समोर सर्व जातिधर्मांचे श्रोते. त्या गर्दीत मराठा सरदाराच्या मुलीशी संसार करणारा किराण्याचा गवई परका वाटला नसावा.

ताराबाई आणि खाँसाहेबांना पाच मुले झाली. प्रत्येकाला दोन नावे. अब्दुल रहमान म्हणजेच सुरेशबाबू, चंपाकली म्हणजेच हिराबाई, सकीना म्हणजेच सरस्वतीबाई. शिवाय कृष्णराव आणि कमलाबाई. हिराबाईंचा जन्म मिरजेचाच, १९०५ सालचा. त्याच सुमारास खाँसाहेबांचा आवाज पहिल्यांदा तबकडीवर उतरला. कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे १९०२ मध्ये मुद्रित झाले होते आणि ग्रामोफोन कंपनीचे लोक नवे गवई शोधत होते. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. पत्र्याच्या कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गायचे, कर्ण्याच्या टोकाला सुई मेणावर रेघ ओढत जायची. अनेक बुजुर्ग उस्तादांनी या यंत्राकडे पाठ फिरवली. आवाज चोरीला जाईल, विद्या रस्त्यावर येईल, ही भीती होती. खाँसाहेब गायले. आज ज्या आवाजावर आपण जीव टाकतो तो बहुतेक तीस वर्षांनंतरचा आहे, पण दार तेव्हाच उघडले गेले.

नवे काही असले की त्यांना कुतूहल असे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींचे गणित मांडत होते. त्यांच्या जोडीला क्लेमंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश. बावीस श्रुतींच्या या शोधात त्यांनी ज्या गळ्यावर भरवसा ठेवला तो खाँसाहेबांचा. त्या निष्कर्षांवर पंडित भातखंडे यांच्यासारख्यांचे आक्षेप होते आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत हा वाद चांगलाच रंगला. वादाचा निकाल काही लागो, एक गोष्ट खरी की, ज्या गवयाच्या वर्गाला शास्त्र कळत नाही असे सुशिक्षित मंडळी म्हणत, त्याच वर्गातला एक उस्ताद शास्त्रज्ञांपुढे आपला गळा घेऊन बसला होता.

१९१३ मध्ये त्यांनी पुण्यात शाळा काढली. नाव आर्य संगीत विद्यालय. मुसलमान उस्तादाच्या शाळेचे हे नाव वाचून आजचा वाचक थबकेल. तेव्हाही काही थबकले असतील. पद्धत गुरुकुलाची. विद्यार्थी उस्तादांच्या घरीच राहायचे, जेवायचे, पहाटे उठून खर्ज लावायचे. बहुतेक मुले हिंदू घरांतली. खर्च भागायचा तो खाँसाहेबांच्या मैफलींतून आणि शाळेच्या जलशांतून. जलशात सुरेशबाबूही गात, लहानगी भावंडेही दिसत. रियाज म्हणजे घाई नाही, एक सूर पुरता लागल्याशिवाय दुसऱ्याकडे जायचे नाही, ही तिथली शिस्त. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे पुढचे सवाई गंधर्व, हे याच तालमीतले. त्यांनी नंतर रंगभूमी गाजवली. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी तर उस्तादांचे सविस्तर मराठी चरित्र लिहून गुरुऋण फेडले.

मग १९२२ साल आले. ताराबाई पाचही मुलांना घेऊन घर सोडून गेल्या. कारणे काय होती, यावर वेगवेगळी माणसे वेगवेगळे सांगतात. नवराबायकोच्या बंद दाराआड शंभर वर्षांनी कान लावण्यात अर्थ नाही. झाले ते एवढे की, एका दिवसात घर रिकामे झाले. ज्या मुलांच्या गळ्यात बापाने सूर पेरला होता ती मुले आईची झाली. त्यांनी आडनावेही आईच्या माहेराची आणि गावाची घेतली. सुरेशबाबू माने. हिराबाई बडोदेकर. जगाला ती खाँसाहेबांची मुले म्हणून नव्हे, स्वतःच्या नावाने कळली.

आता त्या मागे राहिलेल्या गफूरन बीबींच्या भावाची गोष्ट. अब्दुल वहीद खाँ यांच्या बहिणीचा संसार ज्या घरामुळे मोडला, त्या घरातली मुलगी म्हणजे हिराबाई. त्या हिराबाईंना वहीद खाँसाहेबांनी गाणे शिकवले. विलंबित ख्यालाची तालीम दिली, घराण्याच्या चिजा दिल्या. मनात किती कढ असतील आणि ते कसे गिळले असतील, हे त्यांचे त्यांना ठाऊक. रोजा फक्त पोटाचा नसतो, असे आपण या महिन्यात मुलांना सांगतो. राग गिळणे हाही रोजाच. ते सांगताना मला हे उस्ताद आठवतात.

खाँसाहेब मिरजेत राहिले. त्यांनी पुढे बानूबाई लाटकर या आपल्या शिष्येशी लग्न केले; सरस्वतीबाई मिरजकर या नावानेही त्या ओळखल्या गेल्या. प्रवास चालूच होता. म्हैसूरच्या दरबारात त्यांना मान होता, संगीतरत्न हा किताबही होता. दक्षिणेत गेलेला उत्तरेचा गवई सहसा आपले गाऊन परत यायचा. हे तिथले ऐकत बसले. कर्नाटक संगीतातली सरगम त्यांनी आपल्या आलापात मुरवली, त्यागराजांची रचना शिकून तबकडीवरही गायली. म्हैसूरच्या वाटेवर धारवाड, हुबळी, कुंदगोळ लागत. तिथल्या मुक्कामांनी त्या भागात किराण्याचे बी पडले. गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी त्याच मातीतले.

आता त्या तबकड्यांकडे येतो, ज्यांच्यामुळे आमची मंडळी त्यांना ओळखते. १९३४ ते १९३६ या काळात, साठी ओलांडल्यावर, त्यांचे बरेच गाणे ध्वनिमुद्रित झाले. आता मायक्रोफोन आला होता, ओरडायची गरज नव्हती. हलका, उंच, किंचित अनुनासिक, आतून येणारा आवाज जसाच्या तसा उतरला. एका बाजूला जेमतेम तीन ते चार मिनिटे. तासभर एक राग उलगडणाऱ्या गवयाला तीन मिनिटे म्हणजे समुद्राला वाटीत बसवणे. पण या तबकड्यांत घाई कुठेही नाही. वसंत ऐका, झिंझोटीतली ठुमरी ऐका. वेळ संपत आलेली असते आणि खाँसाहेब अजून षड्जावर रेंगाळलेले असतात. भैरवीतल्या ठुमरीत यमुनेचा काठ येतो. यमुनेकाठच्या त्या माणसाने घर सोडून तोवर चाळीसेक वर्षे झाली होती. मराठी नाट्यपदेही ते गायले. उच्चार थोडे उत्तरेचे, भाव आपल्या घरचा.

अरबी-उर्दूतला सब्र मराठीत येऊन सबुरी झाला. रमजानला सब्रचा महिना म्हणतात. सब्र म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. हवे ते समोर असताना वेळ होईपर्यंत थांबणे. पाणी समोर आहे, पण मगरिबची अजान व्हायची आहे. खाँसाहेबांच्या आलापात वरचा षड्ज असाच समोर दिसत असतो. ते त्याच्या अगदी जवळ जातात, परततात, पुन्हा जातात. शेवटी तो लागतो तेव्हा ऐकणाऱ्याचाही रोजा सुटल्यासारखे होते. मला त्यांच्या गाण्यात घराण्याच्या नावापेक्षा ही सबुरी जास्त ऐकू येते.

त्याच वर्षांत हिराबाईंच्या तबकड्याही बाजारात होत्या. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांचे नाव घेतात. ग्रामोफोनच्या दुकानात बापाची आणि लेकीची तबकडी शेजारी शेजारी लागत असेल. एकीवर अब्दुल करीम खाँ, दुसरीवर हिराबाई बडोदेकर. लेबल वाचून कुणाला नाते कळले नसते. सुई ठेवली की मात्र लपत नसे.

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये खाँसाहेब मद्रासकडे होते. तिथून पाँडिचेरीला अरविंद आश्रमात गाण्यासाठी निघाले. रात्रीची गाडी. वाटेत छातीत कसेसे होऊ लागले. चेंगलपट्टूच्या अलीकडे सिंगपेरुमल कोइल नावाचे छोटे स्टेशन आहे, तिथे ते उतरले. फलाटावर अंथरूण टाकले. नमाज अदा केली. मग दरबारी कानड्याच्या सुरांत अल्लाहचे नाव घेत राहिले आणि त्यातच श्वास थांबला. तारीख २७ ऑक्टोबर. हिजरी १३५६ चा शाबान सरत आला होता, रमजान आठ-नऊ दिवसांवर होता. रमजानात जन्मलेला माणूस रमजानच्या उंबरठ्यावर गेला. नरसिंहाच्या देवळावरून नाव पडलेले गाव, तमिळ मुलूख, फलाटावर किराण्याचा उस्ताद आणि ओठांवर कलमा.

शव मिरजेला आणले. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केले. ज्या दर्ग्यात गाऊन हजेरी लावली, तिथेच कायमचा मुक्काम झाला. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ तिथे अजूनही संगीत सभा भरते. देशभरचे कलावंत येतात आणि मानधनाचा विचार न करता हजेरी लावतात. मैफल खुली, आकाशाखालची. हिराबाईंनीही तिथे सेवा केली, भीमसेनजींनीही.

बाकीचे सर्वांना ठाऊक आहे. गदगच्या एका मुलाने लहानपणी दुकानात वाजणारी खाँसाहेबांची झिंझोटीची तबकडी ऐकली आणि त्याला दुसरे काही सुचेना. त्याने सवाई गंधर्वांचे पाय धरले. गुरूच्या निधनानंतर १९५३ पासून पुण्यात गुरूंच्या नावाने महोत्सव सुरू केला, तो आजही थंडीत हजारोंना बसवून ठेवतो. शिष्या रोशनआरा बेगम पाकिस्तानात गेल्या आणि तिथे मलिका-ए-मौसिकी झाल्या. सुरेशबाबू आणि हिराबाईंकडून ते गाणे प्रभा अत्रे यांच्यापर्यंत आले. फाळणीने देश वाटला, १९२२ ने घर वाटले, पण मिरजेत, पुण्यात, हुबळीत आणि लाहोरात षड्ज त्याच ठिकाणी लागत राहिला.

कधी कधी वाटते, त्या फलाटावरचा दरबारी कुणी मुद्रित केला असता तर? मग स्वतःलाच गप्प करतो. तो श्रोत्यांसाठी नव्हताच. तबकड्यांवरचे त्यांनी आपल्यासाठी ठेवले, ते अल्लाहसाठी होते. रमजानात माझे गाणे ऐकणे थांबते तेव्हा या गोष्टीचा मला आधार वाटतो. संगीत हलाल की हराम, हे सांगणारे मोठे आलिम आहेत. मी एवढेच जाणतो की, एका माणसाची शेवटची नमाज आणि शेवटचे गाणे यांमध्ये भिंत नव्हती. त्याचा न्याय करणारा मी नाही. रहमतच्या दिवसांत जन्मलेल्या त्या जिवासाठी दुआ करणे माझ्या हाती आहे, आणि तरावीहनंतर ती मी करतो. तीत गफूरन बीबी येतात, ताराबाईही येतात.

चाँदरातीला मंडळींना माझा निरोप पुन्हा सुरू होईल. पहिल्या रात्री दोन रेकॉर्डिंग कळवणार आहे, बापाची झिंझोटी आणि तिच्या पाठोपाठ लेकीचे कोणतेही एक गाणे. पोस्टमास्तरांनी दोन्ही एका बैठकीत ऐकावीत, मध्ये चहासाठी उठू नये. ईदचा शिरखुर्मा मी दुसऱ्या दिवशी स्वतः घेऊन जाईन.